नॉर्मलच्या रांगेतली सात नंबर

सात नंबरची स्लाइड तपकिरी निघाली. अक्षताने मायक्रोस्कोपवरून मान वर केली, चष्मा ओढणीने पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं. निळ्या पेशींच्या मधोमध तपकिरी ठिपक्यांचा एक पुंजका होता. स्लाइड जरा सरकवली तर दुसरा, आणि कडेला तिसरा. त्या दिवशीच्या चाळीस स्लाइडपैकी तीस आजारी बायकांच्या होत्या. त्या तपकिरी निघाल्या तर कुणाला नवल नव्हतं, त्या तशा निघतात का हे बघायलाच तर अंधेरीच्या एमआयडीसीतली ही चौथ्या मजल्यावरची लॅब दोन वर्षं राबत होती. पण शेवटच्या दहा निरोगी बायकांच्या होत्या, आणि त्या निळ्या राहायला हव्या होत्या. त्यातल्या नऊ राहिल्याही होत्या. नोव्हेंबरात डॉक्टर रेवती म्हणाल्या होत्या, ‘बाहेरून नॉर्मल बायका शोधायच्या म्हणजे महिना जाईल. आपल्या बिल्डिंगमधल्याच दहाजणी द्या ना गं.’ आणि दहाजणींनी गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींचे नमुने दिले होते. नावं डॉक्टरांच्या कपाटात कुलपात गेली, स्लाइडवर नुसते आकडे आले. पण आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम अक्षताचंच. सहा नंबर कँटीनवाल्या मावशींचा, आठ रिसेप्शनवरच्या मुलीचा. मधला सात तिचा स्वतःचा.

‘काय झालं?’ शेजारच्या टेबलावरून मिहिरने विचारलं. तो डॉक्टर रेवतींकडे पीएचडी करत होता आणि हे सगळं काम त्याच्याच प्रबंधासाठी चाललं होतं. ‘रंग जास्त चढलाय एका स्लाइडवर,’ अक्षता म्हणाली. ‘पुन्हा करते.’ ‘कुठली?’ ‘नॉर्मलमधली आहे एक.’ ‘जाऊ दे ना यार, बाद कर सरळ. नऊ नॉर्मल पुरतात.’ आणि तो पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळला. इतकं सोपं होतं ते. वहीत एक रेघ मारायची, ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहायचं, आणि सात नंबर या जगातून निघून जाणार होता. तिने रेघ मारली नाही. ‘पुन्हा करणे’ असं लिहिलं, आणि लिहिताना आपलं अक्षर नेहमीसारखंच गोल आलंय याचा तिला राग आला.

प्रत्येकीच्या दोन-दोन स्लाइड होत्या. दुसरी काढून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. धुणं, अँटीबॉडीचे थेंब, झाकण, थांबणं. थांबणं एक तासाचं होतं आणि एरवी त्या तासात ती डबा खायची. आज तिला खुर्चीत बसवेना. ती खाली उतरली, गेटबाहेर पडली आणि टेम्पो उभे असतात त्या कडेने नुसती चालत सुटली. कॉलेजची मुलं लॅब बघायला आली की डॉक्टर रेवती जे सांगत ते तिला तोंडपाठ होतं. मिथाइल नावाचा एक बारीकसा गट डीएनएवर जागोजाग चिकटलेला असतो. तो चिकटला की तिथलं जनुक तुटत नाही, बदलत नाही, फक्त गप्प होतं. चिकटवायचं काम प्रथिनं करतात, आणि त्यातलं एक आपण इथे तपकिरी रंगात बघतो, डीएनएमटी-वन. ते काही वाईट नव्हे. पेशी विभागते तेव्हा जुन्या खुणा नव्या पेशीवर जशाच्या तशा उतरवायचं काम ते इमानदारीने करतं. पण गर्भाशयाच्या तोंडाशी एचपीव्ही हा विषाणू ठाण मांडून बसला की त्याची दोन प्रथिनं याला हाताशी धरतात. मग ते वाढतं, आणि नको तिथे खुणा चिकटत जातात. पेशीला आवरणारी, ‘बस झालं, थांब’ म्हणणारी जी जनुकं, नेमकी तीच एकेक करून गप्प होतात. वर्षानुवर्षं, काही न दुखता. डॉक्टर हे सांगायच्या तेव्हा अक्षता मागे उभी राहून ट्रे पुसत असायची आणि तिला ते एखाद्या दूरच्या गावातल्या भांडणासारखं वाटायचं. आता ते भांडण ओटीपोटात, पायजम्याच्या नाडीच्या खाली कुठेतरी चाललं होतं, आणि चालता चालता तिचा हात सारखा तिथे जात होता. पण तिथे तर काहीच नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. कदाचित खालच्या थरातल्या पेशी खरवडून आल्या असतील, त्या निरोगी असल्या तरी तपकिरी दिसतात. कदाचित सूज असेल. पॅप टेस्टचा, म्हणजे त्याच पेशींच्या नेहमीच्या तपासणीचा, रिपोर्ट तर नॉर्मल होता. नॉर्मल होता म्हणून तर ती त्या रांगेत होती.

आईलाही कुठे काय दुखत होतं. की दुखत होतं? अक्षताला ते कधीच नीट कळलं नाही. जोगेश्वरीला गुंफांच्या वरच्या अंगाला त्यांची चाळ होती आणि आई, जानकी तिचं नाव, दर मंगळवारी अक्षताचा हात धरून पायऱ्या उतरून गुंफेतल्या देवीला जायची. आत गार काळोख, वरून गळणारं पाणी, वटवाघळांचा उग्र वास, आणि पुढे दिव्याच्या उजेडात देवी. मग एका वर्षी आईने जाणं सोडलं. ‘गुडघे दुखतत गो माझे,’ म्हणाली. पण त्याच गुडघ्यांनी ती नळावरून दोन-दोन हंडे वर आणायची. अक्षता सोळा वर्षांची होती, तिला आधी काही कळलं नाही. चाळीतल्या बायकांना मात्र कळलं. देवळात न जाणारी बाई त्या बरोबर मोजतात. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईच्या अंगावर पुन्हा जायला लागलं होतं, ते थांबतच नव्हतं, आणि तशा अंगाने देवीपुढे कसं जायचं म्हणून आईने सबंध एक वर्ष देवीही सोडली आणि डॉक्टरचंही नाव काढलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून घेतलं. पुढे सात महिने. बाबा, सीताराम, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. ते युनिफॉर्मवरच हॉस्पिटलात यायचे आणि कॉटच्या पायथ्याशी उभे राहायचे, जणू तिथेही पहाराच द्यायचाय.

ती परत आली. उरलेलं काम केलं, रंग दिला, स्लाइड खाली ठेवली आणि बघितलं. तेच पुंजके होते. तेच, किंवा त्यांच्या शेजारचे.

तीन दिवस ती कुणाला काही बोलली नाही. हे तीन दिवस पुढे तिला आठवायचे ते चालण्याचे म्हणूनच. ती मेट्रोतून एक स्टेशन आधी उतरायची, रिक्षा नाक्यावरच सोडायची, घरातल्या घरात हॉलमधून किचनमध्ये आणि किचनमधून हॉलमध्ये जायची. ‘मम्मी, बस ना गं एका जागी,’ तेजल, तिची बारा वर्षांची मुलगी, अभ्यासाच्या वहीतून डोकं काढून म्हणाली. नवऱ्याने, हर्षदने, विचारलं, ‘पाय दुखतात का?’ हर्षद लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. कुठल्याही गोष्टीचा आवाज ऐकून कुठे घासतंय ते सांगायची त्याला सवय होती. ‘नाही रे,’ ती म्हणाली, ‘दिवसभर बसून असते ना.’ भीती कॅन्सरची होती, हे खरंच. पण तिच्याखाली दुसरी एक भीती होती आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून ती चालत होती. सांगितलं की हर्षद मोबाइलवर शोधणार. शोधलं की त्याला पहिल्याच ओळीत कळणार की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. मग तो विचारणार, किंवा विचारणार नाही, आणि ते जास्त वाईट. कारण वर्सोव्याहून मढला जाणारी ती फेरीबोट होती. अक्षता तेव्हा तेवीस वर्षांची होती, आणि सर्वेश शूटिंगच्या लाइटचं काम करायचा. मढला भाड्याने दिलेल्या एका बंगल्यात दोन शूटिंगच्या मध्ये त्याच्याकडे चावी असायची. चार दुपारी. पाच असतील. प्लायवूडच्या खोट्या भिंती, खोट्या किचनमध्ये मांडलेले खरे डबे, आणि बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. सर्वेश नंतर हैदराबादला गेला तो गेलाच. त्याचं तिला फार दुःखही झालं नव्हतं. दोन वर्षांनी हर्षदचं स्थळ आलं. मढचं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते काही नव्हतंच, असं ती स्वतःला सांगत आली होती. आणि आता वाटत होतं की कुठेतरी त्याची नोंद झालेली आहे, जशीच्या तशी, पेशीमागून पेशीवर उतरत आलेली.

चौथ्या दिवशी सकाळी ती डॉक्टर रेवतींच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच म्हणाली, ‘मॅडम, नॉर्मलमधली सात नंबर तपकिरी आली. दोन्ही वेळा.’ ‘मिहिर म्हणाला मला. काढून टाक ना मग.’ ‘ती मी आहे.’ डॉक्टर रेवतींनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या साठीच्या, कडक, कुणाला कधी बस म्हणायच्या नाहीत. त्या उठल्या, स्वतः खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, ‘बस. आणि ऐक नीट. आपला हा रंग म्हणजे रिपोर्ट नव्हे. आपण अजून शिकतोय. याच्यावरून कुणाला आजार आहे असं मी म्हणणार नाही. पण पॅपमध्ये सुटतं कधी कधी, हेही खरं. आजच तपासून घ्यायचं. कधी कळलं तुला?’ ‘सोमवारी.’ ‘आज गुरुवार आहे, अक्षता.’ ‘हो.’ ‘तू लॅबमधली बाई आणि तू चार दिवस…’ त्या थांबल्या. अक्षताला वाटलं, यांना सांगावं की देवळात जाणं कसं सुटतं ते मला आता कळलंय. पण ती नुसती मान हलवत राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. एचपीव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, सोळा नंबरचा, जास्त धोक्याचा प्रकार. दुर्बिणीतून तपासणी झाली, छोटा तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर रेवती सोबत आल्या आणि त्यांनीच वाचून दाखवलं. कॅन्सर नव्हता. कॅन्सरच्या आधीची पायरी होती, तीन पायऱ्यांमधली दुसरी आणि तिसरी यांच्या मधली. गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढा भाग तारेच्या लूपने काढायचा, भूल देऊन, अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. ‘हा आईकडून आला का मला?’ अक्षताने विचारलं, उत्तर माहीत असून. ‘नाही. हा तसा येत नाही.’ ‘मग कधी आला असेल?’ ‘ते कुणीच सांगू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी, वीस वर्षांपूर्वी. शरीरात गप्प पडून राहतो. ज्याच्या-त्याच्याकडे असतो गं तो, बहुतेकांचा निघून जातो, काहींचा नाही जात. यात कुणाला शोधत बसायचं नसतं.’ अक्षता म्हणाली, ‘हो मॅडम.’

हर्षदला तिने तेवढंच सांगितलं, पायरीचं आणि लूपचं. त्याने सुट्टी टाकली, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात सकाळपासून बसला, अर्ज भरले, केसपेपरवर सही केली. तिला बाहेर आणली तेव्हा तिने बघितलं, तो भिंतीवरचा मोठा माहितीफलक वाचत उभा होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेतल्या मुलासारखा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. रिक्षात तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तेजल शाळेत गेल्यावर चहाचा कप घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला आणि एकदम म्हणाला, ‘माझ्यामुळे झालं हे तुला.’ ती बघत राहिली. ‘लग्नाआधी मी चिपळूणला होतो ना दीड वर्ष. तिथे मेस चालवायची एक बाई होती. नवरा वारला होता तिचा.’ त्याने कप खाली ठेवला. ‘मी सांगायला पाहिजे होतं तुला. तेव्हाच. मला काय माहीत, असं काही… मी तुझी वाट लावली, अक्षता.’ आणि तो रडला. पंधरा वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तिने हात पुढे केला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, ‘असू दे.’

असू दे. किती छान वाटलं म्हणताना. आतमध्ये इतके दिवस जे नुसतं चालत होतं, येरझारा घालत होतं, ते एकदम खाली बसलं. पुढचे आठ दिवस घरात वेगळाच हर्षद वावरत होता. तो भांडी घासायचा, तेजलची वेणी घालायचा, वाकडी. तो हॉलमध्ये चटईवर झोपायला लागला. ‘मी पण टेस्ट करून घेऊ का?’ त्याने विचारलं. ‘पुरुषांसाठी तशी टेस्ट नसते,’ ती म्हणाली. त्याने मान खाली घातली. ती उशीला टेकून त्याला बघायची. त्याचं वाकून फरशी पुसणं, तिच्या गोळ्यांच्या वेळा मोबाइलवर लावणं, बोलताना तिच्या डोळ्यांकडे न बघणं. आणि हे खोटं नव्हतं की तिला ते आवडत होतं. एखादी बाई दुसऱ्या कुणाला शिक्षा भोगताना बघते आणि तिचं स्वतःचं अंग हलकं होत जातं, तसं काहीतरी. मग नवव्या दिवशी, रविवारी दुपारी, तेजल मैत्रिणीकडे गेली होती आणि हर्षद टेबलावर चादर घालून तिच्या शाळेच्या ड्रेसला इस्त्री करत होता. कॉलर करताना त्याने मान खाली घातली आणि अक्षताला बाबा दिसले. आईच्या तेराव्याला चाळीच्या गॅलरीत बायका बसल्या होत्या. बाबांची चुलत बहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, ‘असलो रोग उगीच होणा नाय. खंय तरी पाय घसरलेलो असतलो.’ आणि बाबा तिथेच होते. दाराच्या चौकटीला टेकून. त्यांनी मान खाली घातली आणि काही बोलले नाहीत. सतरा वर्षांच्या अक्षताला वाटलं होतं, दुःखाने बोलवत नाही यांना. तेवीस वर्षं ती तेच समजून होती. बाबांचं आयुष्य काय होतं, गिरणीतल्या पाळ्या, गावची ये-जा, आणखी काय, तिला माहीत नव्हतं आणि आता कळायचंही नव्हतं. पण ते गप्प राहणं तिला ओळखू आलं. आपल्यावर आलं नाही, दुसऱ्या कुणावर तरी गेलं, त्या सुटकेने माणूस तसा गप्प होतो. हे तिला माहीत होतं, कारण आठ दिवस ती तीच सुटका खात बसली होती.

‘हर्षद,’ ती म्हणाली, ‘ती इस्त्री बंद कर जरा.’

‘दुखतंय का?’

‘नाही. माझंही होतं एक. तुझ्या आधी.’

त्याने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. ‘काय होतं?’

‘सर्वेश नावाचा होता. मढला. तुझ्या आधी दोन वर्षं.’

त्याने ड्रेसची बाही सरळ केली. मग म्हणाला, ‘मी सांगितलं त्या दिवशी का नाही बोललीस?’

‘बरं वाटलं म्हणून.’

‘कसलं बरं?’

‘तू आपणहून अंगावर घेतलंस. मी सुटले. म्हणून.’

‘आठ दिवस मी इथे फरशा पुसतोय,’ त्याचा आवाज चढला, ‘मी झोपलो नाहीये आठ दिवस, आणि तू वर बसून बघत होतीस मला?’

‘हो.’

‘मजा बघत होतीस?’

‘मजा नाही रे. पण बघत होते.’

तो चपला घालून निघून गेला. दार आपटलं नाही, ते आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ती पलंगावरून उठली, टेबलाजवळ आली, ड्रेसची एक बाही अजून कोमट होती. तिला वाटलं आता पुन्हा येरझारा सुरू होतील. पाय तयारच होते. ती उभी राहिली. खालच्या मैदानात क्रिकेटची मॅच चालली होती, कुणीतरी माइकवरून मालवणीत कॉमेंट्री करत होतं, आणि ती प्रत्येक बॉल ऐकत उभी राहिली. ओटीपोटात जिथून तेवढा भाग काढला होता तिथे बारीक ओढ लागत होती. हे आपल्याला खरोखर वाटतंय की नाही, असा प्रश्न या वेळी तिला पडला नाही.

दीड तासाने तो आला. शर्टाची पाठ घामाने भिजली होती. पाणी प्यायला, ग्लास विसळून पालथा घातला.

‘म्हणजे कुणाचं ते कळणारच नाही,’ तो म्हणाला.

‘नाही.’

‘कधीच?’

‘डॉक्टरसुद्धा नाही सांगू शकत.’

तो टेबलाशी येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. ‘मढचं मला काही नाही वाटत,’ म्हणाला. ‘म्हणजे वाटतं. पण ते जाईल. हे आठ दिवसांचं नाही जाणार इतक्यात.’

‘ठीक आहे.’

‘ठीक नाहीये.’

‘बरं. ठीक नाहीये.’

खाली कुणीतरी आउट झालं, ओरडा झाला, माइकवाला घसा फाटेपर्यंत हसला. ‘पुढची तपासणी कधी आहे?’ हर्षदने विचारलं.

‘सहा महिन्यांनी. ऑगस्टमध्ये.’

‘मी येईन,’ तो म्हणाला. ‘पण वाटेत बोलणार नाही तुझ्याशी.’

‘सहा महिन्यांनी?’

‘हो. आत्ताच सांगून ठेवतो.’

ती हसली. हसताना खाली कळ आली आणि तिने टेबलाची कड धरली, तेव्हा त्याचा हात पुढे आला, तिच्या कोपराखाली, आणि तिथेच राहिला. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो खिडकीबाहेर, मॅचकडे बघत होता.